सूर्याच्या घरून सायकलनं

पहाटे दहा हजार फुटांवर थंडीत कुडकुडत सूर्योदय पाहायचा, मग हेल्मेट चढवायचं आणि ढगांमधून थेट समुद्राच्या दिशेनं सायकलवर उतरायचं. हवाईतल्या माउई बेटावरची ही सफर सॉलिड आहे. फक्त ब्रेकवरची बोटं काढायची नाहीत!

‘दिवसाला चोवीस तास पुरतच नाहीत रे!’ ही तक्रार फक्त आपल्या ऑफिसातली आहे असं वाटत असेल, तर हवाईतल्या एका आईची गोष्ट ऐका. तिचं नाव हिना. झाडाची साल कुटून कुटून ती ‘कापा’ नावाचं कापड करायची आणि उन्हात वाळत घालायची. पण त्या काळी सूर्य इतका सुसाट पळायचा, की कापड वाळायच्या आत संध्याकाळ व्हायची. आईची ही रोजची कटकट ऐकून तिचा मुलगा माउई एका रात्री दोर घेऊन बेटावरच्या सगळ्यात उंच डोंगरावर दबा धरून बसला. सूर्य वर आला, तसे त्यानं सूर्याचे पाय म्हणजे किरण एकेक करून दोरात अडकवले. शेवटी सूर्य शरण आला. वर्षातला काही काळ तरी मी सावकाश चालेन, असं त्यानं कबूल केलं. उन्हाळ्यातले दिवस मोठे असतात, ते त्या करारामुळं.

तो डोंगर म्हणजे हालेआकाला. हवाईयन भाषेत या नावाचा अर्थ ‘सूर्याचं घर’. उंची 10,023 फूट, म्हणजे 3,055 मीटर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. तेव्हा कळसूबाईवर जवळजवळ आणखी एक कळसूबाई ठेवा, आणि तेही अथांग पॅसिफिक महासागराच्या मधोमध. माउई बेटाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग या एकाच ज्वालामुखीनं बनलेला आहे. तो आज शांत असला, तरी मेलेला नाही. गेल्या हजार वर्षांत तो किमान दहा वेळा जागा झालाय. शेवटचा उद्रेक 1790च्या सुमाराचा असं पूर्वी सांगितलं जायचं. नव्या कालमापनानुसार तो त्याच्याही आधीचा, साधारण 1480 ते 1600 या काळातला आहे.

रात्री दोनचा गजर

सुट्टीवर जाऊन रात्री दोनचा गजर लावायचा, हे ऐकूनच अर्धे लोक गळतात. पण सनराइज टूरची व्हॅन हॉटेलच्या दारात दोन-तीनच्या दरम्यान येतेच. बेटावरचं मुख्य शहर कहुलुई. तिथून शिखर गाठायला साधारण दीड तास लागतो. पश्चिमेकडच्या बीच रिसॉर्टवरून निघालात तर त्याहून जास्त. खाली समुद्रकिनारी टी-शर्टात घाम येत असतो आणि व्हॅनमध्ये मात्र जाडजूड जॅकेटं वाटतात. काही जण हसत हसत ती मांडीवर ठेवून देतात. तासाभरानं तेच जण चेन गळ्यापर्यंत ओढून बसलेले असतात.

समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांपर्यंत नेणारा हा रस्ता जेमतेम 61 किलोमीटरचा आहे. इतक्या कमी अंतरात इतकी उंची चढणारे मोटाररस्ते जगात फारच थोडे. 1935 साली तो शिखरापर्यंत खुला झाला. अंधारात वळणं दिसत नाहीत, पोटात मात्र कळतात. कान बंद होतात, जांभई देऊन उघडायचे. खिडकीतून वर पाहिलंत तर खाली शहरात कधी दिसले नाहीत एवढे तारे.

वर पोचल्यावर दार उघडलं की पहिल्यांदा भेटतो तो वारा. तापमान बऱ्याचदा पाच अंशांच्या आसपास असतं, आणि वाऱ्यामुळं ते शून्याखाली गेल्यासारखं वाटू शकतं. हवा विरळ आहे, त्यामुळं पार्किंगपासून कठड्यापर्यंत चालतानाही धाप लागते. इथं धावपळ करायची नाही. पाणी प्यायचं आणि गुपचूप जागा धरायची.

ढगांच्या वरचा सूर्योदय

सूर्योदय इतका खास का, याचं उत्तर हवेत आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे समुद्रावरचे ढग डोंगराकडे ढकलतात. पण साधारण सहा-सात हजार फुटांच्या आसपास गरम हवेचा एक थर झाकणासारखा बसलेला असतो आणि बहुतेक दिवस ढग त्याच्या वर चढत नाहीत. तुम्ही झाकणाच्या वर, ढग खाली. त्यामुळं सूर्य समुद्रातून वर येत नाही, ढगांच्या सपाट गादीतून येतो.

आधी पूर्वेला एक बारीक नारिंगी रेघ दिसते. मग ढगांच्या कडा पेटल्यासारख्या होतात. कॅमेरे वर जातात. पलीकडं बिग आयलंडवरची माउना केआ आणि माउना लोआ ही शिखरं ढगांतून डोकं काढून उभी असतात. सूर्याची कोर वर येते त्या क्षणी पार्कचे रेंजर कधी कधी हवाईयन भाषेत सूर्याला आवाहन करणारा मंत्र म्हणतात. भाषा कळत नाही, पण आपल्याकडं पहाटे नदीत उभं राहून अर्घ्य देणाऱ्या माणसाला जो सूर लागतो, तोच हा. आमच्या शेजारी घोंगडीत गुंडाळलेलं एक जपानी जोडपं होतं. त्यांनी हात जोडले. आमचेही आपोआप जोडले गेले.

आणि मग गंमत सुरू होते. सूर्य पुरता वर आला की पाच-दहा मिनिटांत कठडा रिकामा! फोटो झाला, चला. पण खरा खेळ त्यानंतर असतो. ऊन हळूहळू समोरच्या प्रचंड खोलगट दरीत उतरायला लागतं. एकेक शंकूसारखी टेकडी काळ्या सावलीतून बाहेर येते, कुठं विटकरी, कुठं राखाडी, कुठं पिवळसर. राखेतल्या लोखंडाला गंज चढून हे लाल रंग आलेत. सगळं रंगून व्हायला अर्धा तास लागतो. टूरच्या व्हॅनला घाई असते, तेव्हा ड्रायव्हरला आधीच विचारून ठेवा की वर किती वेळ मिळणार. या एका प्रश्नावर कंपनी निवडली तरी चालेल.

क्रेटर म्हणतात, पण...

सगळे या दरीला ‘क्रेटर’ म्हणतात. आकार बघा, साधारण 12 किलोमीटर लांब, चार किलोमीटर रुंद आणि अडीच हजार फुटांहून खोल. पण स्फोटानं पडलेला हा खड्डा नव्हे. दोन बाजूंनी दोन नद्यांची खोरी डोंगर कोरत कोरत वर सरकली आणि माथ्याजवळ एकमेकांना भिडली. नंतरच्या उद्रेकांनी त्या पोकळीत लाव्हा आणि राखेच्या टेकड्या ओतल्या. म्हणजे ज्याला आपण आगीचं काम समजतो, ते मुळात पावसाचं काम आहे. सह्याद्रीचे कडे ज्यानं घडवले, त्याच कारागिराचं.

जवळच पांढऱ्या घुमटांची रांग दिसते. ही हवाई विद्यापीठाची वेधशाळा. 2017 साली दुसऱ्या ताऱ्याच्या प्रदेशातून आपल्या सूर्यमालेत आलेला पहिला ज्ञात पाहुणा, ‘ओउमुआमुआ’, इथल्याच पॅन-स्टार्स दुर्बिणीनं टिपला. सगळ्यात मोठा घुमट डॅनियल के. इनोये सौर दुर्बिणीचा. चार मीटरच्या आरशाची ही जगातली सर्वांत मोठी सौर दुर्बीण, आणि तिनं 2020च्या सुरुवातीला सूर्याची पहिली छायाचित्रं दिली. सूर्याच्या घरात सूर्याची दुर्बीण म्हटल्यावर आपल्याला वाटतं, अरे वा! पण मूळ हवाईयन लोकांसाठी हा माथा देवांचा प्रदेश आहे. दुर्बिणीचं सामान वर नेणाऱ्या गाड्यांसमोर 2015 आणि 2017 मध्ये ते रस्त्यात बसले, अटकाही झाल्या. आपण ज्या कठड्यावर चिवडा खात बसतो ते कुणाचं तरी देऊळ आहे, एवढं ध्यानात ठेवलं तरी वागणं बदलतं.

एकदाच फुलणारं झाड

पार्किंगजवळच चांदीच्या पात्यांचा चेंडू दिसावा तशी झाडं दिसतात. ही ‘आहिनाहिना’, इंग्रजीत सिल्व्हरस्वोर्ड. जगात ही फक्त याच डोंगरावर उगवतात. पानांवरची चंदेरी लव प्रखर ऊन परतवते आणि धुक्यातलं पाणी धरून ठेवते. झाड वीस वर्षं, पन्नास वर्षं, कधी कधी नव्वद वर्षं नुसतं बसून राहतं. मग एका उन्हाळ्यात माणसाच्या उंचीचा तुरा येतो, शेकडो जांभळट फुलं लागतात, बी पडतं आणि झाड मरतं. आपली कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलून मरते, तिचीच ही शंभरी गाठू पाहणारी बहीण.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथं येणारे पर्यटक ही झाडं उपटून आठवण म्हणून नेत. काही जण तर गंमत म्हणून दरीत गडगडत सोडत. शेळ्या आणि गुरांनी उरलेली खाल्ली. झाड संपायलाच आलं होतं. कुंपणं घातली, पार्कनं लक्ष दिलं, तेव्हा ते सावरलं. आता गरम आणि कोरड्या होत चाललेल्या हवेमुळं पुन्हा घटतंय. मुळं जमिनीत अगदी वरवर पसरलेली असतात, त्यामुळं फोटोसाठी दोन पावलं जवळ गेलात तरी ती तुटू शकतात. कासच्या पठारावर फुलांत लोळून फोटो काढणाऱ्यांना काय झालं असेल ते आठवा आणि वाटेवरच उभे राहा.

इथल्या दुखण्यात आपल्या देशाचाही एक धागा आहे. 1883 मध्ये उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला जमैकातून मुंगसं आणली गेली. जमैकात ती पोचली होती भारतातून. पण उंदीर फिरतात रात्री आणि मुंगूस दिवसा. झालं! मुंगसांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी फस्त करायला सुरुवात केली. त्यांत नेने नावाचा हंसही होता, आजचा हवाईचा राज्यपक्षी. तो जेमतेम वाचला. हे हंस रस्त्यावर निवांत चालतात, म्हणून ‘हळू, नेने आहेत’ अशा पाट्या जागोजागी दिसतात. त्या पाट्या गंभीरपणे घ्यायच्या असतात.

आता सायकल

1980च्या दशकात इथं एक धंदा सुरू झाला. पर्यटकांना व्हॅननं शिखरावर न्यायचं, सायकल हातात द्यायची आणि पूर्ण 61 किलोमीटर उतरत समुद्रापर्यंत आणायचं. पेडल मारायची जवळजवळ गरजच नाही. आयडिया तुफान चालली. पण बहुतेक गिऱ्हाईक असं, की ज्यानं कॉलेजनंतर सायकलला हात लावलेला नाही. अरुंद रस्ता, एकामागून एक वळणं, ओलं धुकं आणि समोरून येणाऱ्या गाड्या. अपघात होत राहिले, माणसं गेली. लागोपाठ झालेल्या मृत्यूंनंतर 2007 च्या ऑक्टोबरात नॅशनल पार्कनं आपल्या हद्दीत व्यावसायिक सायकल टूर बंद केल्या.

तेव्हापासून पद्धत बदलली. सूर्योदय वर पाहायचा, मग व्हॅननं पार्कच्या बाहेर, साधारण साडेसहा हजार फुटांवर उतरायचं आणि तिथून सायकल सुरू करायची. ‘अरे, म्हणजे टॉपवरून नाहीच?’ असं म्हणून नाक मुरडू नका. हा स्टार्टिंग पॉइंटसुद्धा कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजारेक फूट उंच आहे!

सायकल जाड टायरची, रुंद सीटची आणि दणकट ब्रेकची. डोक्यावर मोटरसायकलवाल्यांसारखं पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, अंगावर पावसाळी पोशाख. आरशात बघितलं तर अंतराळवीर. गाइड पुढं, मागं एका रांगेत आपण आणि शेवटी व्हॅन. निघायच्या आधी पार्किंगमध्ये दोन गोल फेऱ्या मारायला लावतात. ते दोन गोल मन लावून मारा, कारण आपल्यासाठी दोन गोष्टी उलट्या आहेत. एक, अमेरिकेत उजव्या बाजूनं चालायचं. वळणावर सवयीनं डावीकडं सरकलात तर थेट समोरच्या गाडीपुढं. दोन, तिथल्या सायकलींवर सहसा डाव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. आपल्याकडं पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला. घाबरून डावा ब्रेक करकचून दाबला, तर सायकल थांबते आणि आपण पुढं जातो.

आमच्या गाइडनं सांगितलेली युक्ती सोपी होती. वळण येण्याआधी वेग कमी करायचा, वळणात नाही. दोन्ही ब्रेक एकत्र, थोडे थोडे दाबून सोडायचे. नजर पुढच्या चाकावर न ठेवता जिथं जायचंय तिथं ठेवायची. व्ह्यू बघायचा असेल तर थांबायचं. आणि मागं गाड्या साचल्या की सगळ्यांनी बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्यायचं, कारण त्या गाड्यांत बसलेले लोक कामावर निघालेले असतात. आपली धमाल त्यांच्या लेट मार्कच्या जिवावर नको.

पहिली दहा मिनिटं हातांची बोटं गारठलेली आणि खांदे ताठ. मग ढगात शिरतो. चेहऱ्यावर बारीक थेंब, पुढच्या सायकलचा फक्त लाल पाठदिवा. आणि एकदम ढग संपतो. खाली हिरवी कुरणं, चरणारी गुरं, निलगिरीचा झोंबणारा वास आणि दोन्ही बाजूंना समुद्र. बेटाची कंबर तिथं इतकी अरुंद आहे, की दोन किनारे एका नजरेत येतात. तेव्हा खांदे आपोआप सैल होतात. वेग ताशी तीस-पस्तीस किलोमीटर असेल, पण वाटतं तरंगतोय. दर वळणाला हवा एकेक अंशानं ऊबदार होत जाते. एक थर काढा, पुढच्या थांब्यावर आणखी एक.

कुला, माकावाओ, पाइआ

उतार कुलातून जातो. कांदे, लॅव्हेंडर आणि प्रोटियाच्या फुलांची शेतं, वसंतात जांभळा जॅकरांडा. 8 ऑगस्ट 2023 ला लाहाइना शहर आगीत बेचिराख झालं, 102 माणसं गेली. त्याच दिवशी कुलातही आग लागली आणि घरं जळाली. पर्यटन हवं, कारण पोट त्यावर आहे, आणि पर्यटक नकोसेही, कारण राहायला घरं नाहीत, अशी इथल्या लोकांची कोंडी आहे. त्यांच्या दारावरून जाताना घंटी वाजवत ओरडत जाऊ नये, हे कुणी सांगायला लागू नये.

पुढं माकावाओ, ‘पनिओलो’ म्हणजे हवाईयन काउबॉइजचं गाव. लाकडी दुकानं, आणि 1916 पासूनची कोमोडा बेकरी, जिथलं क्रीम पफ दुपारपर्यंत टिकत नाही. पहाटे दोनपासून उपाशी असलेल्या माणसाला त्याची चव काय लागते, ते लिहून सांगता येत नाही. आणखी खाली पाइआ. एके काळी हे साखर कारखान्याचं गाव. जपानी, पोर्तुगीज, चिनी, फिलिपिनो मजूर उसात राबायला आले आणि त्यांच्या जेवणांची सरमिसळ होऊन आजचा हवाईयन डबा तयार झाला. बेटावरचा शेवटचा साखर कारखाना 2016 मध्ये बंद पडला. आता पाइआत सर्फबोर्ड, कॉफी आणि योगाचे क्लास. कारखान्याच्या भोंग्यावर उठणारं गाव आता लाटा बघून उठतं.

वर हात गारठले होते, इथं वाळू पायाला भाजते. घड्याळात अजून सकाळचे दहासुद्धा झालेले नसतात. सूर्यानं माउईला दिलेला शब्द तेव्हा पटतो. दिवस खरंच मोठा असतो, आपण तो उतारावर सोडून दिला नाही तर.

जाण्यापूर्वी

कसं जाल : भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून कहुलुईला पाच-सहा तासांत पोचता येतं. तेव्हा बे एरिया किंवा सिअ‍ॅटलला भावाकडं, मैत्रिणीकडं जाणार असाल तर तिथूनच जोडून घ्या. हवाईची वेळ आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागं आहे. त्यामुळं पहिले दोन दिवस जाग पहाटे येण्याची शक्यता मोठी. तिचा फायदा घ्या आणि सूर्योदय सुरुवातीलाच उरका.

आरक्षण : स्वतःच्या गाडीनं जाणार असाल तर पहाटे 3 ते 7 या वेळेत पार्कमध्ये शिरायला आगाऊ ऑनलाइन आरक्षण लागतं. 1 फेब्रुवारी 2017 पासून ही पद्धत आहे. गाडीमागे एक डॉलर, आणि पार्कची प्रवेश फी वेगळी. खिडकी 60 दिवस आधी उघडते, थोड्या जागा दोन दिवस आधीही सोडतात. टूरबरोबर गेलात तर ही भानगड नाही. नाहीच मिळालं तर सूर्यास्ताला जा, त्याला आरक्षण नको.

काय न्याल : जॅकेट, टोपी, हातमोजे, बंद बूट, पाणी, खाऊ. पार्कमध्ये खाण्याचं दुकान नाही आणि पेट्रोल पंपही नाही.

काय टाळाल : स्कूबा डायव्हिंग केल्यावर चोवीस तासांच्या आत इतक्या उंचीवर जाऊ नका, जिवावर बेतू शकतं. गरोदरपणात सायकल टूर नाही. आई-बाबा बरोबर असतील आणि सायकलचा सराव नसेल, तर त्यांना व्हॅनमधूनच उतरू द्या. सूर्योदय तेवढाच सुंदर आणि गुडघे शाबूत.

कंपनीला काय विचाराल : वर किती वेळ थांबणार? गटात किती जण? गाइड सोबत उतरणार की सायकल देऊन मोकळे होणार? राइड कुठं संपणार? पाऊस आला तर काय? उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरी कंपनी बघा. आणि चालायची आवड असेल तर आणखी एक दिवस काढून पायी दरीत उतरा. ती वाट सायकलला बंद आहे, आणि तिथं खाली गेल्यावर स्वतःच्या श्वासाशिवाय काहीही ऐकू येत नाही.